घट्ट झाकणाचे डबे

आमच्या प्राणिशाळेत माझ्या नजरेचं फार कौतुक. महाडच्या एमआयडीसीत आम्ही सांध्यांच्या आजारावरची औषधं उंदरांवर तपासून बघतो. कोणी नवीन माणूस लागला की साहेब त्याला माझ्याकडे पाठवतात, 'मॅडमकडून पंजे बघायला शिका, त्यांच्यापासून सूज लपत नाही.' लपत नाही म्हणे! डोंबल.

काम असं. उंदराच्या शेपटीच्या मुळाशी कोंबडीच्या कूर्चेतलं प्रथिन टोचायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. मग त्याचं शरीर त्या परक्या प्रथिनाशी भांडता भांडता स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. माणसाला आमवात होतो तेव्हा साधारण असंच होतं. पिंजऱ्यावर नुसता क्रमांक असतो. कोणाला औषध मिळतंय आणि कोणाला मिठाचं पाणी, ते मला कळू देत नाहीत, कारण गुण देताना मन एका बाजूला झुकायला नको. पंजा धड असेल तर शून्य. एखादं बोट लाल झालं की एक. सगळा पंजा सुजून ताठला की चार. रोज सकाळी एकेका उंदराला हातात घ्यायचं आणि चारही पंजे बघायचे.

यात माझी स्वतःची एक करामत आहे. खाद्याच्या कडक गोळ्या पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत असतात. उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो आणि जाळीतून कुरतडतो. पाय सुजले की त्याला उभंच राहता येत नाही. पूर्वी अशा उंदरांचं वजन उतरलं की सगळे औषधाला दोष द्यायचे. मी म्हटलं, अहो, औषध कसलं, तो उपाशी आहे! समोर भरलेली जाळी आहे आणि तोंड पोचत नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. पंजे बिघडले की गोळ्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या आणि वाटीत घालून खाली, त्याच्या तोंडाशी ठेवायच्या. बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं. सगळे मला 'उंदरांची आई' म्हणून चिडवायला लागले. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझी आई गावी, कापड्याला एकटी राहते. मी महाडला खोली घेऊन राहते आणि रविवारी पोलादपूरवरून घरी जाते. ती वर्षभर म्हणत होती, 'सकालचं हात धरतात गो बाय. मूठच वलत नाय.' मी म्हणायचे, आये, जन्मभर लावणी केलीस, आता हात बोलणारच. असं म्हणून मी तिला मलमाची ट्यूब द्यायचे. सकाळी हात धरतात, दोन्ही हात सारखे धरतात, तास-दोन तासांनी सुटतात. हे तिसऱ्या माणसानं सांगितलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळलं असतं. आईनं सांगितलं, तेव्हा माझे कान कुठे गेले होते कोण जाणे.

त्यात घरात उंदरांचा सुळसुळाट. तांदळाच्या पिशव्या फोडायचे, वालाच्या डाळीत लेंड्या करायचे. दिवसभर उंदीर हाताळणारी मी, घरच्या उंदरांचा मला भारी संताप. महाडच्या बाजारातून मी चांगले जाड स्टीलचे, घट्ट झाकणाचे डबे आणले. तांदूळ, डाळ, पीठ, साखर, सगळं त्यांत भरलं. दर रविवारी जावं तर एखाद-दुसरं झाकण नुसतं टेकवलेलं. मी खेकसायचे, 'आये, झाकण लावायला काय होतं गं तुला? हे डबे काय शोभेला आणलेत?' आणि निघताना एकेक झाकण तळहातानं ठोकून बसवायचे. ती बाजूला उभी राहून बघायची.

ती वाळत चालली होती. मी म्हणायचे, नीट जेवत नाहीस. आणि आणखी दोन डबे भरून द्यायचे.

डिसेंबरात आमचा एक प्रयोग संपला. प्रयोग संपला म्हणजे उंदीर संपले. पंजे कापून तपासणीला गेले, पिंजरे धुऊन पालथे झाले आणि मला मधल्याच वारी अर्धी सुट्टी मिळाली. न कळवता कापड्याला गेले. दार उघडंच होतं. आई जमिनीवर बसली होती. तांदळाचा डबा दोन्ही तळपायांत दाबून धरलेला, आणि ती मनगटांमध्ये पळी पकडून दांड्यानं झाकण उचकटत होती. बाजूला ताटलीत बिस्किटं, पाण्यात भिजवून लगदा केलेली. पुडा दातांनी फाडलेला.

'काकी असली की उघडून देते गो,' ती म्हणाली. शेजारची काकी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली होती. झाकणं टेकवून ठेवायची ती काकी, माझ्या आईला पुन्हा उघडता यावीत म्हणून. आणि मी रविवारी येऊन ठोकून बसवत होते.

'मला का नाही सांगितलंस?'

'तू हौसेनं आनलंस. वर तुला कामाचा ताप. काय सांगू?'

मी तिचे हात हातात घेतले. बोटांची पेरं सुजलेली, दोन करंगळ्या बाहेर वाकलेल्या. सवय मेली कुठे जाणार? गुण आपोआप पडले. एवढ्या गुणांचा उंदीर आमच्याकडे असता तर त्याला त्याच सकाळी खाली वाटी मिळाली असती.

महाडच्या डॉक्टरांनी तपासलं. औषधानं सूज उतरेल, दुखणंही थांबेल, पण वाकलेली बोटं आता सरळ व्हायची नाहीत, वर्षभर आधी आणायला हवं होतं, म्हणाले. पेशंटची मुलगी काय काम करते, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लाज वाटली.

डबे मी काकीला देऊन टाकले. आता सगळं प्लास्टिकच्या सैल झाकणांच्या बरण्यांत आहे. उंदीर खातात. खाऊ देत.

परवा आई दोन्ही मनगटांत वाटी धरून पेज पीत होती. सहज म्हणाली, 'तुझ्या त्या उंदरांचं पन हात जातात ना? मग ती खातात कशी?'

मी सांगितलं. भिजवतो, मऊ करतो, तोंडाशी ठेवतो. हे कोणी सुचवलं, तेही सांगितलं.

'बरं केलंस गो बाय,' ती मनापासून म्हणाली. 'मुकी जनावरं ती. सांगनार कोनाला?'

माझी आई मुकी नव्हती. ती वर्षभर मला सांगत होती.