सुनंदानं जुळवलेला कंप्युटर

सुनंदा कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरच्या प्लगकडे बघायची. चहापाणी नंतर, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंग हाय का?" घरच्यांना वाटायचं, ही वीज खात्यातून आली की काय! आमच्याकडे बहुतेक घरांत प्लगचं तिसरं भोक नुसतं नावाला असतं, आत तारच नसते. तसं कळलं की ती हळहळायची, आणि मग निवांत चहाला बसायची. मी शेजारी बसून मान खाली घालायची.

आम्ही दोघी जव्हारला एका कचेरीत कंत्राटावर कामाला होतो आणि डेपोमागं एका खोलीत भाड्यानं राहायचो. मी साखरशेतची, ती वर सूर्यमाळच्या पाड्यावरची. मी वयानं बरीच मोठी, म्हणून ती मला 'ताय' म्हणायची. दिवसभर लोकांचे अर्ज कंप्युटरात चढवून माझे डोळे चुरचुरायचे. संध्याकाळी त्या पडद्याचं तोंड बघवत नसे. आणि या बयेला स्वतःचा कंप्युटर हवा होता. तोही तयार नाही, एकेक भाग निवडून स्वतः जुळवलेला, आणि कशासाठी, तर गेम खेळायला!

"अगं, त्यापेक्षा गळ्यात काहीतरी कर," मी म्हटलं.

"गळ्यातला खेळता येतो का?" ती म्हणाली.

वसईला कंपनीत कामाला असलेल्या मामेभावाकडे तिनं एकदा तो गेम पाहिला होता. त्यात एक माणूस आपणच घडवायचा, त्याला नाक-डोळे द्यायचे आणि त्याला घेऊन बर्फाचे डोंगर चढत जायचं. वाटेत लांडगे येतात, लुटारू येतात. एवढंच. मला त्यात काही राम दिसला नाही. डोंगर काय कमी आहेत आपल्याकडे, असं मी विचारलं, तेव्हा ती जे बोलली ते माझ्या अजून डोक्यात आहे. "ताय, आमच्या डोंगरावर चढायचा म्हंजे डोक्यावर हंडा, नायतर लाकडाची मोळी. तिथं रिकाम्या डोक्यानं चढता येतो."

यावर काय बोलणार?

सुनंदाची खरेदी सगळ्या जगाच्या उलट चालली. पोरं आधी काचेची, रंगीत दिवे लागणारी पेटी घेतात. हिनं आधी घेतला वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात. त्यातही चांगल्या दर्जाचा. नाशिकच्या दुकानदारानं समजावून पाहिलं, की ताई, यात पैसे घालू नका, दिसतसुद्धा नाही तो. ती म्हणाली, "आमच्याकडं लाईट येते तशी जाते, आन् जाते तशी येते. पोट बळकट पायजे. तोंड रंगवून काय करायचा?" मग पगार होईल तसा प्रोसेसर आला, मदरबोर्ड आला, रॅम आली. प्रत्येक भाग ती पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत गोधडीत गुंडाळून ठेवायची, आणि पावसाळ्यात तर त्या पेटीला माझ्यापेक्षा कोरडी जागा मिळायची.

नाशिकला मी तिच्याबरोबर दोनदा गेले. दोन्ही वेळा दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघून विचारलं, "भावासाठी का?" दोन्ही वेळा तिनं शांतपणे सांगितलं, "माझ्यासाठी." मी तिच्या जागी असते तर त्याला दोन शब्द सुनावले असते. दुसऱ्या वेळी तो फार उत्साहात होता. कंप्युटर गार ठेवायला पंख्याऐवजी आता पाण्याच्या नळ्या येतात, त्या घ्या म्हणाला. सुनंदा त्याच्याकडे बघतच राहिली. "भाऊ, आमच्याकडं उन्हाळ्यात माणसाला पाणी नाय. आन् कंप्युटरला पाणी पाजू?" दुकानातली पोरं हसली. ती मात्र विनोद करत नव्हती. तिची आई तेव्हा विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरत होती.

पडद्यावर गेम हलवणारं ग्राफिक्स कार्ड नवं परवडणार नव्हतं. एका कॉलेजच्या पोराकडचं जुनं मिळत होतं. सुनंदानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि सरळ नाकाला लावलं, बाजारात सुकट घेताना लावतात तसं. "जळका वास येतो. नको." दुसऱ्या एकाचं घेतलं, तेही तसंच हुंगून. सगळ्यात शेवटी पेटी आली, साधी काळी, एका बाजूला काच असलेली. एका रविवारी दुपारी तिनं सगळं जमिनीवर मांडलं, मला पंखा बंद करायला लावला, आणि घामाघूम होऊन एकेक भाग बसवला. बटण दाबल्यावर पडदा उजळला, तेव्हा ती ओरडली नाही की नाचली नाही. पेटीच्या पाठीवर हात ठेवून, "गरम नाय होत," एवढंच म्हणाली. डोळे मात्र भरले होते. माझेही भरले, उगाच कशाला लपवू?

गेममध्ये तिनं घडवलेली बाई काळीसावळी होती आणि तिचा अंबाडा सूर्यमाळच्या बायका घालतात तसा घट्ट होता. रविवारी दुपारी लाईट असेल तोवर सुनंदा तिला घेऊन डोंगर चढायची. मी भाजी निवडता निवडता बघायची. हे सुख तिला वर्षभर मिळालं असेल नसेल.

मग भरतचं स्थळ आलं. मोखाड्याच्या बाजूचा मुलगा, चांगला शिकलेला, घर रस्त्याला लागून. बोलणं झाल्यावर, मुलीला काही विचारायचं आहे का, असं कुणीतरी म्हणालं. ही काय विचारणार ते मला माहीत होतं. तिनं विचारलंच, "घरात अर्थिंग हाय का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भरत मात्र हसला नाही. "करून घेतो," म्हणाला. आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं घरामागं खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून, पत्रा पुरून तार आत घेतली आणि त्याचे फोटो तिला पाठवले. सुनंदा ते फोटो मला पुन्हा पुन्हा दाखवायची. "माझ्याकरता खड्डा खणला त्यानं, ताय."

रॅम घेताना चार दुकानं हिंडणारी ही मुलगी नवऱ्याच्या बाबतीत एका खड्ड्यावर भाळली. खड्डा तिच्यासाठी नव्हताच. भरतला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं होतं. लग्नानंतर महिनाभरात कंप्युटर घरातून दुकानात गेला, आणि त्याच्याबरोबर सुनंदाही. कचेरीतली नोकरी सुटलीच होती. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दाखले, अर्ज, झेरॉक्स, आणि तेही फुकट, कारण घरचंच दुकान! तिच्या हातात एक रुपया पडत नव्हता. गिऱ्हाईक नसताना ती गेम उघडायची. गावात बभ्रा झाला, की भरतची बायको तलवारी खेळते. एक दिवस भरतनं तिला खेळताना पाहिलं आणि दुकानात चार माणसं उभी असताना तिच्या कानाखाली मारली.

ती उठली. अर्धा भरलेला अर्ज तसाच ठेवून रस्त्यावर आली, आणि जीपमध्ये बसून जव्हारला माझ्या खोलीवर उतरली. "मना नाय जायचा परत," म्हणाली. रडली नाही. मीच रडले.

आता आमच्यातली रीत सांगते. आमच्यात हुंडा नाही. उलट मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. शहरातल्या बायकांना हे सांगताना माझी मान ताठ व्हायची. पण मुलगी नांदायला तयार नसली, तर ते देज परत करावं लागतं, हे मी त्यांना कधी सांगत नसे. सुनंदाच्या बापाचं देज लग्नाच्या जेवणातच गेलेलं. परत करायचं कुठून? मी म्हटलं, पोलिसांत जा, कोर्टात जा. ती म्हणाली, "कोर्टात माझा जलम जाईल. पंचांपुढं एका दिसात सुटेन." आणि सुटण्यासाठी काय द्यायचं, ते तिनं मनात ठरवलं होतं. आदल्या दिवशी मला सांगितलं, तेव्हा मी तिच्यावर ओरडले. निदान ते ग्राफिक्स कार्ड तरी आधी काढून घे, त्यांना काय कळतंय, असंही म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

भरतच्या अंगणात पंच बसले. भरतचा मोठा भाऊ म्हणाला, "पोरगी नांदत नसंल तर देज परत करा. रीत हाय." सुनंदाचा बा जमिनीकडे बघत राहिला. तेव्हा सुनंदा उभी राहिली. "देज नाय. माझा कंप्युटर ठेवा आन् मना मोकळी करा."

"तिच्या पगाराचा आहे तो! लग्नाच्या आधीचा!" मी बोललेच.

"ताय, तू बस," ती म्हणाली.

पंचांत कुजबुज झाली. मग त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "पन चालतो का तो? बंद पडका देशील." झालं! सगळी मंडळी उठून दुकानात शिरली. मी तर थक्क झाले. मुलीच्या गालाची चौकशी कुणी केली नव्हती. कंप्युटर चालतो का, ते बघायला मात्र सगळं अंगण लोटलं होतं.

सुनंदानं बटण दाबलं. ती अर्जाचं पान उघडेल, असं मला वाटलं. तिनं गेम उघडला. पडद्यावर बर्फ पडत होता, आणि अंबाडा घातलेली ती बाई डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "हई बाय कोण?"

"मीच हाय."

"एकलीच?"

"एकलीच."

"आन् जाते कुठं?"

"वर."

ती चढायला लागली. मध्येच म्हातारा पुढं झुकून ओरडला, "पोरी, डावीकडं बघ! लांडगा!" तिनं लांडग्याला लोळवलं, तेव्हा मागची दोन माणसं 'हां' म्हणाली. भरतसुद्धा मान वळवून वळवून बघत होता. बाई कड्यावर पोचली. खाली सगळं खोरं पसरलेलं. सुनंदाच्या बापानं लेकीचा खेळ तोवर कधी पाहिला नव्हता. तो हळूच म्हणाला, "आपल्या सूर्यमाळवरून दिसते तसा दिसते." सुनंदाचे हात क्षणभर थांबले.

"झाला ना? चालतो ना?" भरतचा भाऊ म्हणाला.

म्हातारा सरळ झाला, आणि पुन्हा पंच झाला. "चालतो," म्हणाला. तोच निवाडा. सुनंदानं गेम नीट बंद केला, कंप्युटर नीट बंद केला, आणि पंचांनी फारकत झाल्याचं सांगितलं.

परतताना जीपमध्ये माझा राग मावत नव्हता. "कार्ड काढलं असतंस तर त्यांच्या बापाला कळलं नसतं," मी म्हटलं. ती बाहेर बघत होती. "एक तुकडा जरी माझ्याकडं राहिला असता, तर उद्या त्याच्यापायी माझ्या दारात आले असते. सगळा दिला. आता मी कोणाचा काय नाय लागत."

पावसाळ्यानंतर ती वसईला गेली. तिथं एका कंपनीत पॅकिंगचं काम करते, चार मुलींत एक खोली आहे. कंप्युटर ठेवायला जागा नाही आणि घेण्याचं नावही ती काढत नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "आता डोळं दुखतात, ताय." पंचविशीतल्या मुलीचे डोळे!

मध्यंतरी कामासाठी मोखाड्याला गेले होते, आणि एक कागद काढायला नाइलाजानं भरतच्या दुकानात शिरले. त्यानं ओळखलं. "तुमच्या मैत्रिणीनं जाताना कायतरी काढून नेलाय," म्हणाला. "मशीन तापते, मध्येच बंद पडते. पंचांना सांगनार हाय मी." मी पेटीच्या काचेतून आत पाहिलं. पंख्यावर धुळीचा थर बसला होता, पाती दिसत नव्हती. ज्या दिवसापासून ती गेली, त्या दिवसापासून आत कुणाचा हात फिरला नव्हता. माझ्या तोंडात शिव्या आल्या. कागद घेतला आणि निघाले.

जीपची वाट बघत रस्त्यावरूनच सुनंदाला फोन लावला. वाटलं, ही आता तरी चिडेल, आता तरी त्या माणसाला चार शब्द बोलेल. तिनं पंख्यावर धूळ किती साचलीय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्याला सांग, लाईट बंद करून मऊ ब्रशनं पूस. पंखा बोटानं धरून ठेवायचा, फिरू द्यायचा नाय. हळू पुसला तर लई वर्षं जाईल तो."

बरं, सांगते, म्हणाले. दुकान समोरच होतं, रस्ता ओलांडायचा फक्त. मी नाही ओलांडला. तो निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही. तिचं सगळं त्याला मिळालं. एवढं मी मिळू देणार नाही.