घुमटाआडची चतुर्थी

रोम पाहिल्यावाचून माणसाचे शिक्षण पुरे होत नाही, असे ठाण्याच्या कोर्टातल्या माझ्या वकील स्नेह्यांचे एकमुखी मत आहे. त्यांतला एकही पुण्यापलीकडे गेलेला नाही. मला मात्र गिरणीने यंत्रे पाहायला मिलानला पाठवले, पत्नी कमल सोबत आली, आणि परतीच्या बोटीआधी रोमसाठी एक अख्खा दिवस हाती आला. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती.

आदल्या वर्षी मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो तेव्हा कमलने माझ्यासाठी वर्षभराच्या संकष्ट्या धरल्या. ही शेवटची. मी औषधाने बरा झालो, असे माझे मत. तिने ते कधी खोडले नाही आणि उपासही सोडला नाही. चंद्र पाहिल्याशिवाय अन्न नाही, एवढे एकच तिने मला रेल्वेत बजावले होते.

सकाळी कोलोसियम पाहिले. वाटाड्या सम्राटांची नावे आरतीच्या चालीवर म्हणत होता.

"हे पडलंय की पाडलंय?" कमलने विचारले.

"थोडं पडलं. थोडे दगड लोकांनी घरं बांधायला नेले."

"म्हणजे आपल्या कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासारखंच की!" म्हणत ती एका पायरीवर निवांत टेकली.

दुपारी एका कारंज्याकाठी मी पास्ता (शेवयांचा जाडजूड भाऊबंद) मागवला. तिने संत्री सोलली. "जेवा हो सावकाश, मी बघत नाही," म्हणून तिने खुर्ची कारंज्याकडे वळवली. पाठमोऱ्या उपाशी बायकोसमोर शेवया घशाखाली उतरत नाहीत. मी अर्ध्यावरच उठलो.

साडेचारला मला हिशेब सुचला. "अगं, कल्याणला आत्ता नऊ वाजले. पंचांगाप्रमाणे चंद्र उगवला. जेवायला हरकत नाही."

"तो कल्याणकरांचा. मी इथे आहे."

घरी आभाळ भरले तर पंचांगातली वेळ पाहून आपण पानावर बसतो. इथे पंचांग निरुपयोगी, आणि ढग तर दाटू लागलेले.

काळोख पडल्यावर एका त्रात्तोरियात (घरगुती खाणावळीत) शिरलो. म्हाताऱ्या वाढप्याने माझ्यापुढे पाव ठेवला, कमलची रिकामी बशी पाहिली आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "सिन्योरा (बाई) आजारी?"

"नाही. लूना (चंद्र) दिसला की जेवेल."

तो हसला नाही. "कुणासाठी?"

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. त्याने मला नखशिखान्त न्याहाळले. मी एवढ्या खटाटोपाच्या लायकीचा आहे की नाही, हे बहुधा त्याला ठरवायचे होते. मग खुणेनेच त्याने आम्हांला मागच्या जिन्याने गच्चीवर नेले. तिथे टेबलावरच्या चादरी वाळत होत्या. ढग पांगले होते. पण समोर रोमच्या मोठ्या चर्चचा तो प्रसिद्ध घुमट उभा होता, जो पाहायला साऱ्या जगातून माणसे येतात, आणि उजेड होता त्याच्यामागे.

"एवढा मोठा कशाला बांधला?" कमल कळवळून म्हणाली.

"देवासाठी."

"देवाला एवढा लागतो?"

मी हे वाढप्याला भाषांतर करून सांगितले. "माफ करा, सिन्योरा," तो गंभीरपणे म्हणाला, "फार जुना आहे. हलवता येत नाही."

म्हणून आम्हीच हललो. कठड्याला धरून, ओल्या चादरींखालून वाकत कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि तिथे घुमटाच्या खांद्यावरून चंद्राची लालसर कड वर आली. कमलने काही मागण्याआधीच मी वाढप्याला पाणी आणि कच्चे तांदूळ आणायला सांगितले. तिने अर्घ्य दिले, हात जोडले आणि पुटपुटताना माझे नाव घेतले. लग्नानंतर ते नाव मी तिच्या तोंडून फक्त उखाण्यात ऐकले होते. औषधाविषयीचे माझे मत मी त्या वेळी बोलून दाखवले नाही.

खाली मटार घातलेला मऊ भात आला. तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही. "छान आहे," ती मला हळूच म्हणाली, "फोडणी तेवढी राहिली."

कल्याणला परतल्यावर व्रताचे उद्यापन केले. वकील मंडळी मोदकांना आली. मी सम्राट, कमानी, मानवी वैभवाची नश्वरता यांवर बरेच बोललो. मग एकाने विचारले, "वहिनी, तुम्हाला कसं वाटलं रोम?"

"बरं आहे," त्याच्या पानात तूप वाढत कमल म्हणाली. "पण चंद्र फार उशिरा उगवतो."