मधात कालवलेल्या गोळ्या

माझ्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो – मोठ्या देवळासमोर स्कूटरच्या चाकात धोतर गेलं, तीसुद्धा. ही मात्र आजवर कुणालाच सांगितली नाही. हिच्यात हसू थोडं आहे, शिसारीच फार.

तंजावरला आमच्याकडे अप्पांचं श्राद्ध अजून मडीत, म्हणजे कडक सोवळ्यात होतं. करायला बसतो थोरला भाऊ, अण्णा. त्या वर्षी त्याला पडसं झालं. शिंकांवर शिंका! वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा तुम्हीच बसा की."

मी? उपाशी, ओल्या पंच्यात, धुरात? सर्दीच्या दोन गोळ्या कुटल्या, मधात कालवल्या आणि अण्णाला म्हटलं, "आयुर्वेदिक चूर्ण आहे, मडीला चालतं." बिचाऱ्यानं चाटलं.

अण्णाचं प्रोस्टेट वाढलेलं. सर्दीच्या गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अडू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर बजावलं होतं. विसरलो होतो का? नाही – तेच तर सांगतोय.

श्राद्ध झालं, मी वडे चापले. संध्याकाळी अण्णा न्हाणीघरातून ओरडला, "अय्यो, होईना रे!" ओटीपोट दगडासारखं. इस्पितळात नळी घातली, पिशवी भरू लागली, तसा त्याचा चेहरा सैलावला. माझा हात धरून म्हणाला, "तू होतास म्हणून वाचलो." आणि मी? दुसऱ्या हातानं नाक दाबलं.

"सर्दीचं काही घेतलं होतं?" बाईंनी विचारलं.

"चूर्ण तेवढं," अण्णा म्हणाला.

"सुंठीचं हो," मी म्हणालो.

काही दिवसांनी नळी काढून पाहिली – पुन्हा अडलं. बाई म्हणाल्या, एखाद्या औषधानं झालं असतं तर आणखी थांबून पाहिलं असतं. तसं काही नाही, तर ऑपरेशन बरं. मी समोरच बसलो होतो. तोंड होतं ना मला? त्या तोंडानं मी कॉफी प्यालो.

ऑपरेशन झालं. लघवी मोकळी झाली – जरा जास्तच. खोकला आला की अण्णाचं धोतर भिजतं. जुन्या धोतराच्या घड्या आत घेतो, सून उठायच्या आधी स्वतः धुतो.

त्याच्याकडे गेलो की बसण्याआधी मी खुर्चीवर हात फिरवतो – ओली तर नाही? एकदा त्यानं ते पाहिलं. तेव्हापासून मी दारात दिसलो की तो उठतो आणि खुर्चीवर धुतलेला टॉवेल पसरतो.