सातवी मॅच

बाबांना निकाल सांगायचा नाही, हा आमच्या घरातला नियम माझ्या जन्माच्याही आधीचा. कुठला निकाल, ते सांगते.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते आणि संध्याकाळी टाउनशिपच्या बास्केटबॉल कोर्टावर टेबलाशी बसून स्कोअरशीट लिहायचे. ते नोकरीत नवे होते, तेव्हा नागपूरचे एक कोच अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची, त्या खेळाच्या सुरुवातीच्या काळातली एक अंतिम मालिका फिल्मच्या रिळांवर घेऊन आले. सात मॅचची मालिका, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन. दर शनिवारी सेक्टरातल्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून एक मॅच. बाबांनी पांढऱ्या जर्सीवाल्यांना आपलं मानलं. का, तर पहिल्याच मॅचमध्ये त्यांच्यातला सगळ्यात बुटका गडी आपटला आणि उठून धक्का देणाऱ्याशीच हात मिळवून आला. सहा शनिवार झाले, तीन-तीन बरोबरी. सातव्या शनिवारी प्रोजेक्टरचा बल्ब उडाला. कोच म्हणाले, पुढच्या शनिवारी. पण त्याच आठवड्यात त्यांना नागपूरहून बोलावणं आलं आणि रिळंही त्यांच्यासोबत गेली.

निकाल कोणालाही विचारता आला असता. बाबांचं एकच, "मले कोणी सांगू नका. पाहीन तवा पाहीन." पन्नास वर्षं हा माणूस एका मॅचसाठी थांबला. आई म्हणायची, "माह्यासाठी भाजीच्या दुकानापुढं पाच मिनिटं थांबत नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. आधी ऑफिसातल्या सोबत्यांची नावं गेली, मग सिविक सेंटरच्या बँकेचा रस्ता, मग माझं लग्न. तो शनिवार तेवढा शिल्लक राहिला. रोज दुपारी चार वाजले की इस्त्रीचा शर्ट, बूट, खिशाला पेन, आणि टाउनशिपबाहेर जुनवानीत आमचं घर, त्याच्या गेटपाशी हजर. "आज सातवी हाये."

तीनदा ते निसटले. तिसऱ्यांदा सुपेल्याच्या चौकात सापडले, दोन ट्रकांच्या मध्ये, मॅच थांबवतात तसा हात वर करून. एका फळवाल्याने त्यांना कोपरापाशी धरून ओढलं होतं. तो मला म्हणाला, "अंकल बोल रहे हैं, मैच छूट जाएगा." त्या दिवसापासून गेटला कुलूप. मग बाबा गेट हलवत राहायचे. "गेट कावून लावलं? लोकं बसले असतीन. मले जाऊ दे ना, माय."

ज्या बापाला मी आयुष्यभर घाबरले, तो मला माय म्हणून विनवत होता आणि मी किल्ली मुठीत धरून उभी होते. मला स्वतःची किळस यायची.

शेवटी मी इंटरनेटवर शोधलं. सातव्या मॅचची फिल्म कुठेच नव्हती. निकालाची फक्त एक ओळ होती. पांढरे हरले होते, एका बास्केटने.

आई म्हणाली, "सांगून टाक ना, जिंकले म्हणून. त्यायले का समजते आता? सुटतीन तरी बिचारे."

सोपं होतं. पण मी दहावीत असताना शाळांच्या फायनलमध्ये माझे चार फाउल झाले होते आणि टेबलावर बाबा होते. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. शिट्टी वाजली, आणि माझ्या नावापुढे पाचवा फाउल लिहून पाच नंबरची पाटी वर केली ती माझ्याच बापाने. आठ दिवस मी बोलले नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाच म्हणजे पाच, बेटा." अशा माणसाच्या कागदावर खोटं लिहायचं होतं. पण डोळ्यांपुढून सुपेल्याचे ट्रक हलत नव्हते.

एका रविवारी दुपारी मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, वही समोर ठेवली आणि म्हटलं, "बाबा, सातवीची कॉमेंट्री मिळाली. मी वाचते, तुम्ही लिहा." सगळी मॅच मीच रचली होती. शर्टाचं बटन लावता न येणारा तो हात झरझर स्कोअर लिहू लागला. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मलाही चेव आला. शेवटच्या काही सेकंदांत पांढरे दोन पॉइंटने मागे, बॉल बुटक्याच्या हातात. "त्याने लांबून, रेषेच्या बाहेरून टाकला... आणि बास्केट! तीन पॉइंट! जिंकलो, बाबा!"

पेन थांबलं.

"तीन?"

"हो ना, लांबून टाकला तर तीनच."

"तवा तीनचा बास्केट कुठी होता?"

मी खेळायला लागले तेव्हा तीनचा बास्केट आलेला होता. तो नव्हता, कुठूनही टाकला तरी दोनच, असाही काळ होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांना माझं नाव आठवत नव्हतं, पण नियम आठवत होता. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. मला हसू आलं, आणि मग मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कावून खोटं बोलून राहिली तू?" ते म्हणाले. मग हळूच, "हरले ना आपले?"

मी हातातला कागद मिटला. त्यांना समजलं. त्यांनी तीनचा आकडा खोडला, खाली रेघ मारली, नेहमीसारखी सही केली आणि रडायला लागले. अंधार पडेपर्यंत रडले. मी पाठीवरून हात फिरवत बसले. एवढंच वाटत होतं, की वाईट झालं पण संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता इस्त्रीचा शर्ट, बूट, पेन. "आज सातवी हाये."

हरलेलंही त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं, आईने मान फिरवली. आता काय करायचं होतं? रोज चार वाजता त्यांना पुन्हा हरवायचं? बाबांनी गेटला हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, प्रोजेक्टरचा बल्ब उडाला. पुढच्या शनिवारी म्हणाले."

ते थबकले. मग पायरीवर बसून बुटाच्या लेस सोडू लागले. "बरं झालं, निघायच्या आधी समजलं."

तेव्हापासून आमच्याकडे रोज चार वाजता बल्ब उडतो. रोज त्यांना पटतं. काल एक बूट हातात धरून त्यांनी मला विचारलं, "तू पाहिली का सातवी?"

"नाही, बाबा."

"मंग थांब," ते म्हणाले. "सोबत पाहू."