नामदेवरावांचा बसलेला घसा

जामबागेतले नामदेवराव लग्नात आहेर म्हणून मंगलाष्टक देतात. स्वतः रचलेलं, त्यात नवरानवरीची नावं, आजोळ, गाव असं सगळं गुंफलेलं, आणि स्वतःच खड्या आवाजात म्हटलेलं. हैदराबादेतल्या निम्म्या मराठी मुली याच आवाजावर सासरी गेल्या असं कुणी म्हटलं, की ते "काहीतरीच तुमचं" म्हणतात आणि मनातून फुलतात. आणि आता स्वतःच्या लेकीचं, तेजश्रीचं लग्न तोंडावर आलेलं असताना गृहस्थांचा घसा बसला. सर्दी साधीच, पण आवाज असा की हाक मारली तर मांजरही वळून बघणार नाही.

घरात एकाला सर्दी झाली की बाकीचे सगळे वैद्य होतात. पुण्याहून आलेली सून प्रणिता कॅमोमाईलच्या फुलांच्या चहाच्या पुड्या गरम पाण्यात बुडवायला लागली. "बाबा, यानं इम्युनिटी वाढते. पाकिटावरच लिहिलंय." शेजारच्या शाहेदा आपा जोशांद्याची, म्हणजे युनानी काढ्याची, किटली घेऊन आल्या. "भाईसाब, ये पीके सो जाव. सुबे गला खुल जाता." बायकोचा, भामाबाईंचा, आलं-मिरी-तुळशीचा जहाल काढा तर चुलीवर होताच.

नामदेवरावांना नको म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. लग्नघरात कुणाचं मन कशाला मोडा, म्हणून ते सगळंच पीत राहिले. वर प्रत्येकीला कानात सांगायचे, "तुझ्याच चहानं बरं वाटतंय बघ." झालं! तिघींनी आपापला डोस वाढवला. मिरीनं घसा सोलवटला. व्याही मानपानाचं बोलायला आले, तेव्हा झोप आणणारं कॅमोमाईल पोटात असलेले आमचे वधूपिता बसल्या जागी घोरत होते. संध्याकाळपर्यंत तोंडातून नुसती हवा यायला लागली.

बिंग फुटलं ते ओट्यापाशी. "माझ्या काढ्यानं उतार पडलाय," भामाबाई म्हणाल्या. "पण ते तर म्हणाले माझ्या..." प्रणिता अडखळली. "मेरेकू बी येच बोले!" आपा म्हणाल्या. तिघींनी वळून पाहिलं, तर नामदेवराव पांघरूण डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करत होते.

"सगळ्यांना खूश करता करता गळा घालवलात की हो!" भामाबाईंनी पांघरूण ओढलं. "कफ आहे, का कोरडा पडलाय?" नामदेवरावांनी हातानंच कोरडा म्हणून सांगितलं. "फिर काली मिर्च नक्को," आपा लगेच म्हणाल्या. भामाबाईंचा चेहरा पडला, कारण मिरीचा काढा त्यांच्या आईचा होता. पण त्यांनी तो मुकाट्यानं मोरीत ओतला. मला त्या बाईचं याबद्दल फार कौतुक वाटतं. मग तिघींनी मिळून एकच चहा ठरवला: बेगम बाजारातून आणलेलं ज्येष्ठमध, गवती चहा, आल्याचा तुकडा, आणि तोही कोमटच. वर लग्नापर्यंत नामदेवरावांनी एक अक्षर बोलायचं नाही. घर कधी नव्हे ते शांत झालं.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला आणि आवाज आला. जरासा घोगरा होता, पण होता. तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. शेवटच्या कडव्यात 'तेजश्री' हे नाव आलं आणि नामदेवराव थांबले. ओठ हलले, शब्द फुटेना.

प्रणिता थर्मास घेऊन उठली. भामाबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. "बस गं. हे सर्दीचं नाही."

गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. आणि अंतरपाटाच्या पलीकडून नवरीच पुढची ओळ म्हणायला लागली. घसा बसायच्या आधी बाबा महिनाभर जी गुणगुणत होते, ती तिला भिंतीआडून ऐकून पाठ झाली होती. आवाज कापत होता, चाल मात्र एकदम बापाची. सासरची माणसं आधी चपापली, मग हसली.

'शुभ मंगल सावधान' मात्र नामदेवरावांनीच म्हटलं. म्हणजे त्यांचे नुसते ओठ हलले. आवाज सगळ्या मांडवाचा होता.