कपाटामागचे सोळा तास

नॉटिंगहॅममधल्या आमच्या भागातल्या लायब्ररीत मोठ्या टायपातल्या पुस्तकांचं एक उंच कपाट होतं आणि त्याच्या मागे एक टेबल. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना जवळजवळ तीन महिने मी त्या टेबलावर कामाला जात होते. काम नव्हतं, तरी मी जात होते.

मी दुभाषी होते. हॉस्पिटलमध्ये मराठी, हिंदी किंवा गुजराती बोलणारा पेशंट आला की दुभाषी पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन यायचा, मी जाऊन डॉक्टरांचं त्याला आणि त्याचं डॉक्टरांना सांगायची. ही नोकरी नव्हती. सरकारदरबारी मी 'सेल्फ-एम्प्लॉइड' होते. एखाद्या आठवड्यात पाच बुकिंग यायची, एखाद्यात एकही नाही. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होता, पगार बेताचा. आम्हाला कायमचं राहण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्यांदा मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी सरकारकडे अर्ज केला. बराचसा खर्च सरकार देणार होतं. अट एवढीच की आईबाप दोघांनीही आठवड्याला किमान सोळा तास काम करायला हवं.

मदत मंजूर झाल्याच्या पत्राचं मला फार अप्रूप वाटलं होतं. ज्या देशात आपण जन्मलो नाही, तो देश आपल्या मुलीच्या सांभाळाचे पैसे देतोय! मी ते पत्र देवाजवळ ठेवलं होतं.

चाइल्डमाइंडर, म्हणजे सरकारकडे नोंदणी करून स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई, आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. साठीला टेकलेली, गुडघ्यांनी थकलेली. माझ्या मुलीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना इथल्या बोलीत लाडाने 'डक' म्हणायची. मुलगी पहिल्या आठवड्यातच तिच्या मांडीवर झोपायला लागली.

मग हॉस्पिटलांनी एका दूरच्या कंपनीच्या दुभाष्यांकडून फोनवरूनच काम भागवायला सुरुवात केली. एजन्सीचे फोन कमी झाले. सोळाचे नऊ तास झाले, नवाचे चार. तास कमी झाले तर कळवावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी हेल्पलाइनला फोन लावलाही.

"तुम्ही साधारणपणे सोळा तास काम करता का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"काम कमी-जास्त होतं."

"हो, पण साधारणपणे?"

मी "हो" म्हणाले. तिने "लव्हली" म्हणून फोन ठेवला.

खरं सांगितलं असतं तर मदत थांबली असती, चाइल्डमाइंडरकडची जागा गेली असती आणि काम परत आलं असतं तेव्हा मुलीला ठेवायला कुणी नसतं. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर नर्सरीचे काही तास सगळ्याच मुलांना फुकट मिळणार होते, आईबापांच्या कामाचे तास न विचारता. तेवढे महिने निभवायचे होते.

नवरा म्हणाला, "अगं, रोज थोडंच कुणी मोजायला येतंय?"

पण मी मोजत होते. घरात बसून सोळा तास म्हणायला माझं मन धजेना, म्हणून मी खोट्याचं खरं करायचा मार्ग काढला. चार दिवस, रोज चार तास, एजन्सीचा बॅज गळ्यात घालून मी लायब्ररीत जायची. किडनीचे, बाळंतपणाचे, मधुमेहाचे इंग्रजी शब्द वहीत उतरवायची आणि समोर मराठी, हिंदी, गुजराती लिहायची. एक वाजता वही मिटायची. चुकून दहा मिनिटं उशीर झाला तर दहा मिनिटं जास्त बसायची. कुणी विचारलं असतं तर मी ती वही दाखवली असती. कुणी विचारलं नाही.

त्या टेबलावर मला माझ्या वडिलांची आठवण यायची. ते आमच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत पैसे, पावसाळ्यात हात रिकामे. माझ्या वसतिगृहाच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो होतो.

"वर्षाला किती मिळवतोस रे?"

"ते लग्नं किती होतात त्यावर आहे, भाऊसाहेब."

"मग काय, पंचांग बघून दाखला देऊ?"

लोक हसले. वडीलही हसले. पण दुसऱ्या वर्षी मुहूर्त भरपूर निघाले, तेव्हा ते एसटीने वसतिगृहावर आले आणि रेक्टरना म्हणाले, "यंदा बरं चाललंय. सवलत दुसऱ्या कुणाच्या पोरीला द्या." मी शरमेने पाय घासत उभी होते. त्यांच्या त्या साधेपणाचा मला रागच आला होता.

चाइल्डमाइंडर मंगळवारी मुलांना चर्चच्या हॉलमध्ये खेळायला न्यायची. एका मंगळवारी हॉलचं हीटिंग बंद पडलं, म्हणून ती त्यांना लायब्ररीतल्या राईम टाइमला, म्हणजे लहान मुलांच्या गाण्यांच्या तासाला, घेऊन आली. मला आधी गाणं ऐकू आलं, मग त्यात माझ्या मुलीचा आवाज. कपाटाच्या कडेने पाहिलं. ती चटईवर बसून हात हलवत गात होती. हे गाणं तिला येतं, हे मला माहीत नव्हतं.

तिने मान वळवली.

"आई!"

तिने बोट दाखवलं. चाइल्डमाइंडर एका बाळाचं नाक पुसत होती. मराठीतला तेवढा एक शब्द तिला कळायचा. मान वर न करता ती म्हणाली, "नाही डक, आई कामाला गेलीय."

मी एक पाऊल मागे घेतलं. कपाटाच्या आड.

मुलीने पुन्हा हाक मारली नाही. गाणं पुढे सुरू झालं.

एक वाजता तिला आणायला गेले. दारात चाइल्डमाइंडरने आधी माझ्या बॅजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिला आज लायब्ररीत तू दिसलीस म्हणे. मी म्हटलं, मम्मी कामावर आहे."

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी वरणभाताचा घास तोंडात असताना मुलगी म्हणाली, "आई पुस्तकांत होती."

"नाही गं बाळा. आई कामाला गेली होती."

तिने घास गिळला. मग मान डोलावून म्हणाली, "आई कामाला."

तिने माझा शब्द खरा मानला, स्वतःचे डोळे खोटे. त्या दिवसापर्यंत मी सरकारशी खोटं बोलत होते आणि त्याची टोचणी वहीत शब्द उतरवून भागत होती. या टोचणीला वही पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेल्पलाइनला फोन करून सगळं सांगितलं. तिथल्या माणसाने "कळवल्याबद्दल आभार" म्हणून मदत बंद केली. मग मी चाइल्डमाइंडरकडे गेले.

"मला दिसली होतीस तू, डक," ती म्हणाली. "मान वर केली तेव्हा बॅजची दोरी कपाटाआड जात होती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मी या घरात केस कापणाऱ्या बायकांची, मार्केटात स्टॉल लावणाऱ्यांची पोरं वाढवलीत. धंद्याला मंदी येते, मला ते कळतं. पण तू मला कधी काही सांगितलंच नाहीस. रोज बॅज घालून दारात उभी. मी काय बोलणार?" मग म्हणाली, "सोमवारपासून एका नर्सचं बाळ घेते. जागा रिकामी ठेवणं मला परवडत नाही गं."

पंधरा दिवसांनी एजन्सीचा फोन आला, एकाच आठवड्यातली चार बुकिंग. मुलीला ठेवायला कुणी नव्हतं. मी नाही म्हटलं. पुढे बरेच दिवस त्यांनी फोन केला नाही.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी मुलीला स्वतः राईम टाइमला घेऊन गेले. बॅज घरी ठेवला होता. चटईवर तिला मांडीत घेऊन बसले, गाणं नीट येत नव्हतं तरी हात हलवले. ती माझ्या मांडीत होती, माझे हात तिच्या हातांवर होते. तरी गाणं चालू असताना ती मान वळवून मधूनमधून त्या उंच कपाटाकडे बघत होती.