"बाबा, जा"

डॉक्टरांनी पडद्यावर माझ्याच घशाचे चित्र दाखवले आणि सांगितले, "व्होकल कॉर्डवरची गाठ कॅन्सरची आहे." व्होकल कॉर्ड म्हणजे स्वरतंतू, ते थरथरले की आवाज उमटतो. आवाज परत येईल ना, असे मी विचारले. "इन्शाल्ला," ते म्हणाले. कतारमधल्या दोहा शहरात राहून हा शब्द मी वर्षानुवर्षे सहज वापरत आलो. त्या दिवशी त्यातले "देवाची इच्छा असेल तर" पहिल्यांदाच ऐकू आले.

त्याआधी आवाज बसला, तेव्हा डॉक्टरकडे न जाता मी वेस्ट बेमधल्या ऑफिसच्या एसीला दोष देत हळद-दूध पीत राहिलो. वाचणाऱ्यांनी असे करू नये, एवढीच विनंती.

वॉर्डात शेजारी आर्थर होते; लेकीकडे राहायला आलेले वृद्ध ब्रिटिश नट. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत पडदे ओढण्यापासून सुरुवात, मग उभे आयुष्य रंगभूमीवर. चित्रपटांत मात्र आपण पहिल्या अर्ध्या तासापुढे क्वचितच जिवंत राहिलो, असे ते कुजबुजत सांगत. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याकडे ती कुजबुजच उरली होती. ती ऐकताना मला त्यांच्याविषयी दुःख होण्याआधी स्वतःची भीती वाटे, याची लाज वाटते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी स्ट्रेचर हलले. आमच्यात निघणारा "येतो" म्हणतो, "जातो" कधीच नाही. मी "येतो" म्हणालो, पण शब्द घशातच विरला. माझी मुलगी ईरा इथल्याच शाळेत वाढली. घरीही इंग्रजीतच बोलते. मला बरे वाटावे म्हणून ती मुद्दाम मराठीत म्हणाली, "बाबा, जा."

"अगं, ये म्हणावं," पत्नी पुटपुटली. ईराचा चेहरा उतरला.

आर्थरनी खुणेने विचारले, तेव्हा ईराने चूक सांगितली. ते हसले. त्यांच्याकडे रंगमंचावर निघालेल्याला शुभेच्छा देणे अशुभ. त्याऐवजी उलटेच, "पाय मोडो" म्हणतात. "तूच त्यांना नीट पाठवते आहेस," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "प्रत्येक प्रयोगाआधी माझेही पाय कापत."

लेझरने गाठ काढली. पुढे व्हॉइस रेस्ट, म्हणजे पूर्ण मौन. आत आवाज उरला आहे की नाही, हे न कळता गप्प राहणे शस्त्रक्रियेहून भयंकर होते. आर्थर तोवर घरी गेले. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो. भीती अजून आहे. प्रत्येक तपासणीआधी ती येतेच.

अखेर डॉक्टरांनी एक शब्द बोलायला सांगितले. ईरा शेजारी बसली होती.

"आलो," मी म्हणालो. आवाज चिरका होता, पण होता.

ईराने माझा हात धरला. "ये, बाबा."